कोरडी जागा

पेइओ सायकल ढकलत आणतो,
लंगड्या घोड्याचा लगाम धरून मालक चालतो तसा.
"घाटात ओरडते," म्हणतो. "कशी, ते तूच ऐक."
मी ती स्टँडवर चढवते, चाक फिरवते, ब्रेक दाबते.
समोरच्या बेकरीतली मिरेन
हातातला पाव तसाच धरून दारात येते.
तोलोसात असा आवाज डिसेंबरात येतो,
डुकरं कापतात तेव्हा.

कारणं पुष्कळ असतात.
कॅलिपर एका अंगाला कललेला.
डिस्क केसभर वाकलेली.
पॅड नवं, डिस्कशी अजून बोलणं नाही.
मी दोन बोल्ट सैल करते, ब्रेक घट्ट दाबून धरते,
कॅलिपरला त्याची जागा त्यालाच शोधू देते,
मग पाव पाव वळसा, खालचा, वरचा, खालचा.
मागे पांढरा कागद धरून फट बघते:
दोन्हीकडे उजेडाची सारखी रेघ.
चाक फिरवते. ब्रेक दाबते.
मिरेन पुन्हा दारात.

मग पॅड काढते
आणि नाकाशी नेते.

हा वास माझ्या ओळखीचा.
कागद गिरणीतलं पातळ, पिवळं यंत्रतेल.
गिरणी बंद झाली त्या वर्षी
साबिनोनं दोन डबे भरून घरी आणलं होतं.

साबिनो, पेइओचा बाप.
चौतीस वर्षं लांब नळीची कुपी घेऊन गिरणीभर फिरला.
कुरकुर ऐकायची, एक थेंब सोडायचा, पुढे जायचं.
आता गिरणीच्या जागी पोहण्याचा तलाव आहे
आणि साबिनो गावाला तेल घालतो:
चर्चच्या फाटकाला, शाळेच्या झोपाळ्याला,
विधवा अरान्त्साच्या शिवणयंत्राला (तिथे जरा जास्तच वेळा),
माझ्या शटरला, न सांगता, पहाटे.

पोराची सायकल कुरकुरते म्हणून
रात्री गॅरेजात जाऊन, दिवाही न लावता,
त्यानं एक थेंब डाव्या अंगाला सोडला असणार,
एक उजव्या.

"काय झालंय?" पेइओ विचारतो.
परवा सफरचंदाच्या दारूच्या गुत्त्यापुढे, वळणावर,
तो भिंतीपासून हातभर अंतरावर थांबला.
मी विचारलं नव्हतं, त्यानंच हात लांब करून दाखवलं.
"पाऊस," मी म्हणते. "रस्त्यावरची घाण. होतं असं."

तेल प्यालेलं पॅड माघारी येत नाही. ते केरात.
डिस्क स्पिरिटनं पुसते,
फडकं पांढरं निघेपर्यंत पुसते,
बारीक पॉलिश पेपर गोल गोल, पुन्हा स्पिरिट.
बोट लावत नाही.
कितीही धुवा, बोटाला आपलं तेल असतंच.

संध्याकाळी नदीकाठच्या उतारावर
नव्या पॅडना शिकवायचं:
वीस वेळा वेग, वीस वेळा मंद, पूर्ण थांबणं नाही.
मोजायला मी साबिनोला बोलावते.
"बात," तो म्हणतो. "बी. इरू."
पहिले सहा फेरे डिस्क घोगरं बोलते,
अकराव्याला कुजबुजते,
पंधरानंतर फक्त टायरचा आवाज
आणि ओरियाचं पाणी.

"तिथे तेल चालत नाही, साबिनो," मी म्हणते,
त्याच्याकडे न बघता.
तो मोजायचा थांबतो.
सतरा राहतं, अठरा राहतं.
खिशातल्या खिशात त्याची बोटं
एकमेकांवर घासल्याचं कापडावरून दिसतं.
"भिंत," तो विचारतो, "किती लांब होती?"

मी दोन्ही हात पसरते,
पसरता येतील तेवढे.

त्याला तीन आठवडे झाले.
पेइओ घाटातून असा उतरतो
की मेंढ्यांना कळतही नाही; त्यानं घंटी घेतली, दोन युरोंची.
माझं शटर मात्र रोज सकाळी किंचाळतं.
मिरेन वैतागलीय.
तेलाची बाटली माझ्या हाताशीच आहे, वरच्या फळीवर.
मी घालत नाही.